खाजनाच्या मानशीसाठी भरतीचा आलेख: स्वतः रंगवलेलं कंट्रोल लुकलुकतं, रेघा पुसट, वेलांट्या कापल्या जातात

खाजनवाट (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. खाजनाचे (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या खारवट शेतजमिनीचे) बांध आणि मानशी (बांधातली पाणी सोडायची-अडवायची दारं) सांभाळणाऱ्यांसाठी एक छोटा डेस्कटॉप प्रोग्राम चालू आहे. मुरगाव बंदराच्या तक्त्यातल्या भरती-सुकतीच्या वेळा आणि उंची भरायच्या, की पडद्यावर सात दिवसांची वक्ररेषा दिसते. त्यावर मानशीच्या उंबऱ्याची आडवी रेघ, आत्ताच्या वेळेची उभी तांबडी रेघ, आणि पाणी उंबऱ्याखाली असेल तेवढा वेळ हिरव्या पट्ट्याने दाखवलेला. सी शार्प, विंडोज फॉर्म्स, डॉटनेट ८.

सध्याची रचना: फॉर्मवर एक पॅनेल. दर सेकंदाला टायमर वाजतो, त्यात क्रिएटग्राफिक्सने ग्राफिक्स (रेखाटणीची वस्तू) घेऊन सगळं पुसलं जातं आणि पुन्हा काढलं जातं. अडचणी अशा:

१) पॅनेल सतत लुकलुकतं. खिडकी खाली घेऊन परत उघडली की क्षणभर कोरी दिसते.
२) लॅपटॉपवर (विंडोजमधलं स्केलिंग १५० टक्के) चित्र ठीक, पण खिडकी बाहेरच्या मॉनिटरवर (१०० टक्के) ओढली की सगळं पुसट.
३) 'पौर्णिमा', 'षष्ठी', 'चतुर्थी' या लेबलांच्या वरच्या वेलांट्या, रफार आणि खालची अक्षरं कापली जातात.
४) ड्रॉकर्व्हने (बिंदूंमधून वक्ररेषा काढणाऱ्या फंक्शनने) काढलेल्या रेषेचा माथा तक्त्यातल्या आकड्याच्या वर जातो.
५) कधीतरी अख्खं पॅनेल पांढरं होऊन त्यावर मोठी तांबडी फुली येते. मग प्रोग्राम बंद करून उघडावा लागतो.

आणि मूळ प्रश्न: हे स्वतः रंगवणं चालू ठेवावं, की तयार चार्ट लायब्ररी घ्यावी?

रेघोट्या (९:२४)

क्रिएटग्राफिक्स आजच काढून टाका. पहिल्या अडचणीचं मूळ तिथेच आहे.

बार्देसकर (९:३१)

लायब्ररी घ्या. स्कॉटप्लॉट किंवा ऑक्सीप्लॉट, दोन्ही मुक्त स्रोत. अक्ष, झूम, माउसखालचा आकडा, चित्र फाइलमध्ये साठवणं, सगळं तयार मिळतं. पाचपैकी चार अडचणी दुसऱ्या कोणीतरी आधीच सोडवलेल्या असताना त्यांच्यात का अडकायचं?

दर्यादेग (१०:०५)

खाजनवाटबाब, लायब्ररीचं नंतर बघू. आधी रंगवण्याची पद्धत सरळ करूया, कारण लायब्ररी घेतली तरी ती कळलेली असावीच लागते.

खिडकीवर काढलेलं चित्र कुठेही जपून ठेवलेलं नसतं. विंडोज सांगेल 'एवढा भाग रंगवा', तेव्हा तेवढा रंगवायचा, हा करार. क्रिएटग्राफिक्सने मधेच येऊन काढलेल्या रेघा या कराराबाहेरच्या, त्यामुळे पुढच्या रंगवणीत त्या जातात. पूर्वी दुसरी खिडकी वरून सरकली तरी त्या पुसल्या जायच्या. व्हिस्टापासून डेस्कटॉपची जुळणी वेगळी होते, प्रत्येक खिडकीचं चित्र स्मृतीत स्वतंत्र ठेवलेलं असतं, म्हणून दुसरी खिडकी सरकून काही बिघडत नाही. पण खिडकी खाली घेतली किंवा तिचा आकार बदलला की रेघा जातातच. 'कधी दिसतं, कधी जातं' असा गोंधळ होतो तो यामुळे.

करायचं असं. पॅनेल सोडा. कंट्रोल या वर्गापासून स्वतःचा वर्ग काढा. त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सेटस्टाइलला चार ध्वज द्या: यूजरपेंट, ऑलपेंटिंगइनडब्ल्यूएमपेंट, ऑप्टिमाइझ्डडबलबफर आणि रीसाइझरीड्रॉ. लुकलुक होते ती दोन टप्प्यांमुळे. आधी पार्श्वभूमी पुसण्याचा संदेश येतो, मग रंगवण्याचा, आणि मधला कोरा क्षण डोळ्याला दिसतो. दुसरा ध्वज तो वेगळा पुसण्याचा टप्पा काढून टाकतो. तिसरा सगळं स्मृतीतल्या चित्रावर काढून एकदाच पडद्यावर उतरवतो. चौथा नसला तर खिडकी मोठी करताना फक्त नव्याने उघडा पडलेला भाग रंगवला जातो आणि जुन्या मापाचा आलेख नव्याला चिकटलेला दिसतो. पॅनेलवर डबलबफर्ड हा गुणधर्म बाहेरून देता येत नाही, तो प्रोटेक्टेड आहे. वर्ग काढायचा तो याचसाठी.

मग सगळी रेखाटणी ऑनपेंटमध्ये, इव्हेंटसोबत आलेल्या ग्राफिक्सवर. ते ग्राफिक्स तुम्ही डिस्पोज करायचं नाही. तुम्ही बनवलेली पेन, ब्रश, फॉन्ट मात्र यूझिंगमध्ये ठेवायची किंवा एकदाच बनवून वर्गात जपायची. ऑनपेंटमध्ये फाइल वाचू नका, गणितं करू नका, कुठलंही मूल्य बदलू नका. आधीच तयार असलेली माहिती घ्यायची आणि काढायची, एवढंच तिचं काम.

आता टायमर. सात दिवस म्हणजे ६,०४,८०० सेकंद. आलेख १,००० पिक्सेल रुंद धरला तर एका पिक्सेलला सुमारे ६०५ सेकंद, म्हणजे दहा मिनिटं. तुमची तांबडी रेघ दहा मिनिटांत एक पिक्सेल सरकते आणि तुम्ही दर सेकंदाला सगळं रंगवता! टायमर एक मिनिटाचा ठेवा. त्यात रेघेची नवी जागा काढा, ती बदलली असेल तरच जुन्या आणि नव्या जागेभोवतीचा चिंचोळा आयत (दोन्ही बाजूंना दोन-दोन पिक्सेल जास्त) इनव्हॅलिडेटला द्या. रिफ्रेश नको. तो सगळं कंट्रोल तिथल्या तिथे रंगवायला लावतो. इनव्हॅलिडेट फक्त नोंद करतो, आणि संदेशांची रांग मोकळी झाली की सगळ्या नोंदी मिळून एकदाच रंगवणी होते.

सेकंदाचं घड्याळ हवंच असेल तर ते वेगळ्या लेबलवर ठेवा.

रेघोट्या (१०:११)

दर्यादेग, दहा मिनिटांच्या हिशेबाला +१. टायमर मात्र विंडोज फॉर्म्सचाच घ्या. सिस्टिम डॉट टायमर्समधला टायमर वेगळ्या थ्रेडवर वाजतो, आणि तिथून कंट्रोलला हात लावायचा नसतो.

क्यूटीवाली (१०:४०)

हेच क्यूटीत (सी प्लस प्लसची खिडक्या बनवायची लायब्ररी) करत असाल तर पहिली अडचण येतच नाही. क्यूटी ४ पासून विजेटं आपोआप डबल बफर होतात, आणि पेंटइव्हेंटच्या बाहेर विजेटवर पेंटर उघडायला गेलं तर इशारा मिळतो. अपडेट म्हणजे इथला इनव्हॅलिडेट, रीपेंट म्हणजे रिफ्रेश. नियम तोच: अपडेट वापरा. दहा वेळा बोलावलं तरी रंगवणी एकदाच.

जावाच्या स्विंगमध्येही तसंच. पेंट नव्हे तर पेंटकंपोनंट ओव्हरराइड करायचं, पहिल्या ओळीत सुपरचं पेंटकंपोनंट बोलवायचं, आणि ग्राफिक्सवर फिरवाफिरव करायची तर आधी क्रिएटने प्रत घेऊन शेवटी ती डिस्पोज करायची. नाहीतर बदललेली सेटिंगं पुढच्या कंपोनंटला भोवतात.

पिक्सेलपारखी (मंगळवार, सकाळी ८:२०)

दुसऱ्या अडचणीबद्दल. डॉटनेट ८ चा नवा प्रकल्प मुळात सिस्टिमअवेअर असतो. म्हणजे मुख्य पडद्याची घनता एकदा घ्यायची आणि तीच धरून चालायचं. खिडकी वेगळ्या घनतेच्या मॉनिटरवर गेली की विंडोज तिचं तयार चित्र ताणतं किंवा आक्रसतं. तुमच्याकडे १५० टक्क्यांचं चित्र १०० वर आक्रसलं जातं, म्हणून पुसट.

उपाय: प्रकल्पाच्या फाइलमध्ये ॲप्लिकेशनहायडीपीआयमोड या नोंदीत परमॉनिटरव्ही२ लिहा. विंडोज १० ची १७०३ आवृत्ती किंवा तिच्यापुढची लागते. पण त्यानंतर मापांची जबाबदारी तुमची. १०० टक्के म्हणजे ९६ डीपीआय (एका इंचातले ठिपके), १२५ म्हणजे १२०, १५० म्हणजे १४४, २०० म्हणजे १९२. कोडमधलं प्रत्येक कच्चं माप (समास, रेघेची जाडी, खुणांची लांबी) कंट्रोलच्या डिव्हाइसडीपीआयला ९६ ने भागून येणाऱ्या पटीने गुणा, किंवा लॉजिकलटूडिव्हाइसयुनिट्स वापरा. मॉनिटर बदलला की ऑनडीपीआयचेंज्डआफ्टरपेरेंट येतं. तिथे फॉन्ट आणि पेन नव्याने बनवा आणि इनव्हॅलिडेट करा.

फॉन्टमध्ये एक खाच आहे. स्वतः बनवलेला फॉन्ट पॉइंटात दिला तर ग्राफिक्सची घनता धरली जाते, आणि ती खिडकी ज्या मॉनिटरवर आहे त्याचीच असेल असं नाही. फॉन्ट पिक्सेलात बनवा: पॉइंट गुणिले डिव्हाइसडीपीआय भागिले ७२. ९ पॉइंट म्हणजे ९६ डीपीआयला १२ पिक्सेल, १४४ ला १८.

जाळीच्या रेघा धारदार हव्या असतील तर त्या काढताना स्मूदिंगमोड नन ठेवा, वक्ररेषेपुरता अँटीअलायस (कडा मऊ करणारा). रेघेची जाडी पूर्णांकात आणा. १५० टक्क्यांना दीड पिक्सेल येतो, तो एक किंवा दोन करा. दीड ठेवला तर रेघ करडी दिसते.

क्यूटीवाली (८:५५)

पिक्सेलपारखी, एक भर. अँटीअलायसिंग चालू असताना एक पिक्सेलची उभी-आडवी रेघ अर्ध्या पिक्सेलने सरकवावी लागते, म्हणजे १०० च्या जागी १००.५. नाहीतर ती दोन पिक्सेलांवर पसरून फिकट होते.

पिक्सेलपारखी (९:१८)

क्यूटीत आणि कैरो या रेखाटणीच्या लायब्ररीत अगदी बरोबर, कारण तिथे पूर्णांक म्हणजे पिक्सेलची कड. जीडीआय प्लसमध्ये (विंडोज फॉर्म्सची रेखाटणीची लायब्ररी) उलट. पिक्सेलऑफसेटमोड मूळ ठेवणीत असेल तर पूर्णांक म्हणजे पिक्सेलचा मध्य. तिथे १०० वरची एक पिक्सेलची रेघ आधीच धारदार असते, अर्धा मिळवलात तर तुम्हीच ती पुसट करता. ऑफसेटमोड हाफ केला की हिशेब क्यूटीसारखा होतो. एकीकडचा कोड दुसरीकडे नेताना हे सगळ्यात आधी तपासावं.

क्यूटीवाली (९:२५)

मान्य. खाजनवाट विंडोज फॉर्म्समध्ये आहेत, त्यांनी तुमचंच धरावं.

सुकतीची_वेळ (दुपारी १:१५)

चौथ्या अडचणीचं उत्तर भरतीतच आहे. ड्रॉकर्व्ह कार्डिनल स्प्लाइन काढतो. त्यात एखाद्या बिंदूपाशी रेषेचा कल आधीच्या आणि नंतरच्या बिंदूंवरून ठरतो. आपल्याकडची भरती मिश्र आहे, दिवसातल्या दोन सुकत्या सारख्या उंचीच्या नसतात. समजा ०.४ मीटरची सुकती, मग २.० ची भरती, मग ०.९ ची सुकती. नंतरचा बिंदू आधीच्यापेक्षा वर असल्याने २.० पाशीही कल चढता राहतो, आणि रेषा २.० ओलांडून मगच उतरते. टेन्शन कमी करून फुगवटा कमी होतो, पण शून्य केलं तर सरळ रेघा उरतात.

लागोपाठच्या दोन टोकांमध्ये कोसाइन वापरा (उं म्हणजे उंची, वे म्हणजे वेळ, १ आधीचं टोक, २ नंतरचं, पाय म्हणजे π):

उंची = (उं१ + उं२) ÷ २ + (उं१ − उं२) ÷ २ × कोसाइन(पाय × (वे − वे१) ÷ (वे२ − वे१))

दोन्ही टोकांना कल शून्य, म्हणून माथा तक्त्यातल्या आकड्यावरच टेकतो. २.० वरून ०.४ ला सहा तासांत उतरणारं पाणी या सूत्राने एका तासाने १.८९, दोन तासांनी १.६०, तीन तासांनी १.२० मीटर येतं. दर सहा मिनिटांना एक बिंदू घेतला तर सात दिवसांचे १,६८० बिंदू, तेवढे पुरेत. ते ॲरेत भरून ड्रॉलाइन्सला एकदाच द्या. प्रत्येक तुकड्याला वेगळं ड्रॉलाइन केलंत तर सांधे दिसतात आणि तुटक रेघेचा नमुना दर तुकड्याला नव्याने सुरू होतो.

हिरव्या पट्ट्याच्या कडा पिक्सेल तपासत शोधू नका, सूत्र उलटवा. उंबरा ०.९ वर असेल तर वरच्या उदाहरणात कोसाइन = (०.९ − १.२) ÷ ०.८ = −०.३७५. उलटा कोसाइन ११२ अंश, म्हणजे भरतीनंतर ३ तास ४४ मिनिटांनी पाणी उंबऱ्याखाली जातं. माणसाला ही वेळच हवी असते. ती आलेखावर अंकांत लिहा.

चोडणचो_बांध (१:४०)

सुकतीची_वेळ, ३ तास ४४ मिनिटं इतकं नेमकं लिहिलं की लोक त्यावर विसंबतात. तक्ता मुरगावचा. आत चोडण, दिवाडी, जुवें या बेटांपाशी तीच भरती उशिरा पोचते आणि उंचीही तीच राहत नाही. शिवाय तक्त्यात फक्त चंद्र-सूर्यामुळे होणारी चढ-उतार धरलेली असते. पावसाळ्यात मांडवी नदीला वरून लोट आला की पाणी रेषेच्या वर उभं राहतं. उंबऱ्याची उंचीही तक्त्याच्या शून्य पातळीवरून मोजलेली हवी, बांधावरून टेप सोडून नव्हे.

सुकतीची_वेळ (२:०२)

मुद्दा रास्त. जागेनुसार दोन सेटिंगं ठेवा: वेळेची तफावत मिनिटांत आणि उंचीची मीटरमध्ये, दोन्ही त्या मानशीवर पट्टी लावून काही उधाणं (मोठ्या भरत्या) आणि भांग (लहान भरत्या) बघून ठरवायची. वेळ पाच मिनिटांच्या पटीत गोल करून दाखवा. आणि आलेखाच्या आतच, कोपऱ्यात, 'पावसाचं पाणी धरलेलं नाही' हे लिहा. छापील प्रतीवरही ते यायला हवं.

चोडणचो_बांध (२:०६)

असं असेल तर हरकत नाही. देव बरें करूं.

लिपीकार (सायंकाळी ६:३०)

तिसरी अडचण बरीच दुर्लक्षित आहे, म्हणून सविस्तर.

तुमचा फॉन्ट बहुधा सेगो यूआय असणार. त्यात देवनागरी नाही. विंडोज गुपचूप निर्मला यूआयमधली अक्षरं आणून बसवतं, पण ओळीची उंची तुम्ही सेगोच्या मापाने मोजलेली असते. लॅटिनमध्ये हा फरक जाणवत नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा दुसरा मजला. तेच कापलं जातं. थेट निर्मला यूआय नाव द्या (विंडोज ८ पासून सोबत येतो) आणि उंची त्याच्यावरूनच काढा. मोजमापासाठी नमुना कठीण घ्या: 'कीर्तीं', 'ष्ट्रू', 'द्ध्यू'. त्यांना जी उंची लागते तीच लेबलाची किमान उंची.

दुसरं, मजकूर कधीही एकेक अक्षर करून काढू नका. अंतर वाढवायला किंवा रंग बदलायला काही जण ओळ तोडून तुकडे काढतात. 'स्थिती' मध्ये ऱ्हस्व वेलांटी साठवणीत व्यंजनांनंतर असते पण दिसते आधी, आणि स-थ चा जोड तुटला की पायमोडकं रूप येतं. अख्खी ओळ एकाच वेळी द्या, जुळणी यंत्रणेवर सोडा. जागा कमी पडली तरी सबस्ट्रिंगने कापू नका. टेक्स्टरेंडररच्या एंडएलिप्सिस ध्वजाला ते काम द्या. क्यूटीत एलाइडेडटेक्स्ट आहे.

तिसरं, टेक्स्टरेंडरर की ड्रॉस्ट्रिंग? पडद्यावर टेक्स्टरेंडरर. त्याचं मोजमाप आणि काढणं एकमेकांशी जुळतं, फक्त दोन्हीकडे ध्वज तेच द्या, नाहीतर नोपॅडिंग एकीकडे आणि दुसरीकडे नाही असं होऊन रुंदी चुकते. मात्र तो ग्राफिक्सची फिरवणी मानत नाही. उभ्या अक्षावर फिरवलेलं लेबल हवं तर ड्रॉस्ट्रिंग लागतो. माझं मत विचाराल तर फिरवूच नका. फिरवलेल्या देवनागरीची शिरोरेषा उभी होऊन अंधूक दिसते आणि वाचायला मान वाकडी करावी लागते. 'मीटर' हा शब्द अक्षाच्या माथ्यावर आडवा लिहा.

चौथं, अंक. डॉटनेटमध्ये मराठी कल्चर देऊनही संख्या ० ते ९ अशा देवनागरी अंकांत येत नाही. नेटिव्हडिजिट्स ही यादी असते, पण रूपांतर करताना ती वापरली जात नाही. शेवटी तयार ओळीतले दहा अंक स्वतः बदलून घ्या. क्यूटीचं मराठी क्यूलोकेल मात्र देवनागरी अंक देतं.

क्यूटीवाली (६:४८)

लिपीकारदादा, एलाइडेडटेक्स्टबद्दल +१. एक जोड: काहींना वरची दिशा धन हवी म्हणून ते पेंटरला स्केल(१, −१) देतात. आलेख सुलटा होतो आणि सगळी अक्षरं उलटी. रूपांतर पेंटरला देऊ नका. वेळेवरून आडवी जागा, उंचीवरून उभी जागा, अशी दोन फंक्शनं लिहा, आणि माउससाठी त्यांची उलटी दोन. चारही एकाच वर्गात, एकाच आयतावर चालणारी.

रेघोट्या (७:१०)

माउसचा विषय निघाला म्हणून. माउसमूव्हमध्ये दर वेळी सेटटूलटिप बोलावलं तर टूलटिप स्वतःच नवा माउसमूव्ह घडवते आणि फडफडत राहते. मागची जागा लक्षात ठेवा, बदलली तरच बोलवा.

बार्देसकर (८:००)

आता जाळी आणि वक्ररेषा रोज बदलत नाही, तर ती एका बिटमॅपवर एकदाच काढून ठेवायची आणि ऑनपेंटमध्ये बिटमॅप उतरवून वर तांबडी रेघ मारायची. दर वेळी १,६८० बिंदू कशाला?

दर्यादेग (८:२५)

इथे मी सहमत नाही. इतके बिंदू जीडीआय प्लसला जड नाहीत, आणि कापण्याचा आयत चिंचोळा असेल तर काम आणखी कमी. बिटमॅप ठेवला की तो शिळा कधी होतो हे सांभाळावं लागतं: आकार बदलला, घनता बदलली, रंगसंगती बदलली, तक्ता बदलला. एक विसरलं की जुना आलेख दिसतो, आणि या प्रोग्राममध्ये जुना आलेख म्हणजे चुकीच्या वेळी मानस उघडणं. पूर्ण एचडी आकाराचा ३२ बिटांचा बिटमॅप सुमारे ८३ लाख बाइट घेतो, ते वेगळंच.

बार्देसकर (८:३३)

शिळेपणाचा मुद्दा पटला. पण वर्षभराचा आलेख आडवा सरकवायचा झाला तर?

दर्यादेग (८:५०)

तेव्हा घ्या. तीन गोष्टी पाळा: फॉरमॅट ३२बीपीपीपीएआरजीबी (आधीच गुणलेला अल्फा, उतरवायला सगळ्यात जलद), ड्रॉइमेजला रुंदी-उंची स्पष्ट द्या, नुसता बिंदू दिला तर बिटमॅपच्या डीपीआयनुसार ते ताणलं जातं, आणि पडद्याबाहेरचे बिंदू आधीच गाळा. लांबलचक तुटक रेघ पडद्याबाहेर हजारो पिक्सेल जात असेल तर रंगवणी संथ होते, कारण न दिसणाऱ्या तुकड्यांचाही हिशेब होत राहतो.

फर्मागुडी_लॅब (९:१५)

पाचव्या अडचणीकडे कोणी वळलं नाही. तांबडी फुली म्हणजे ऑनपेंटमधून न पकडलेला एक्सेप्शन (चालताना झालेली चूक) बाहेर पडला. विंडोज फॉर्म्स ते कंट्रोल 'बिघडलेलं' अशी खूण करून पुढे रंगवायलाच बोलावत नाही, म्हणून बंद करून उघडेपर्यंत फुली जात नाही.

तुमच्या बाबतीत दोन शक्यता. एक: तक्ता भरताना एकच वेळ दोनदा पडली. मग वे२ − वे१ शून्य, भागाकाराचं उत्तर 'संख्या नाही', आणि असा बिंदू जीडीआय प्लसला दिला की ओव्हरफ्लो एक्सेप्शन. सुकतीची_वेळ यांच्या सूत्रातही ही खबरदारी हवी. तपासणी तक्ता भरतानाच करा: वेळा चढत्या क्रमाने, आणि भरतीनंतर सुकतीच.

दोन: हँडलं (विंडोज प्रत्येक वस्तूला देतं ते ओळखक्रमांक) संपली. एका प्रोसेसला जीडीआय वस्तूंची मूळ मर्यादा १०,०००. डॉटनेटची पेन आणि ब्रश त्यात मोजली जात नाहीत, पण गेटएचबिटमॅप किंवा टूएचफॉन्टने काढलेली हँडलं मोजली जातात आणि ती डिलीटऑब्जेक्टने स्वतःच सोडावी लागतात. टास्क मॅनेजरच्या तपशील पानावर स्तंभ निवडताना 'जीडीआय ऑब्जेक्ट्स' चालू करा आणि तासभर आकडा बघा. चढतच गेला तर गळती.

ऑनपेंटचा मजकूर ट्राय-कॅचमध्ये घाला, कॅचमध्ये चूक फाइलमध्ये नोंदवा आणि कंट्रोलवर 'आलेख काढता आला नाही' असं लिहा. फुलीपेक्षा ते वाक्य शेतकऱ्याला उपयोगी.

सांजदिवा (बुधवार, सकाळी १०:०५)

एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. स्वतः रंगवलेलं कंट्रोल स्क्रीन रीडरला (पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला) दिसत नाही. त्याच्यासाठी तो रिकामा चौकोन. ॲक्सेसिबलरोल चार्ट करा, ॲक्सेसिबलनेममध्ये 'भरतीचा आलेख', आणि डिस्क्रिप्शनमध्ये पुढची सुकती आणि मानस उघडण्याची वेळ वाक्यात. ती वेळ बदलली की वाक्यही बदला. कीबोर्डसाठी सिलेक्टेबल हा ध्वज आणि टॅबस्टॉप, बाणांच्या कळा मिळाव्यात म्हणून इझइनपुटकी ओव्हरराइड, फोकस आला-गेला की इनव्हॅलिडेट, आणि कंट्रोलपेंटच्या फोकसरेक्टँगलने कड. डाव्या-उजव्या बाणाने आधीच्या-पुढच्या भरतीवर जाता आलं तर माउस न वापरणाऱ्या सगळ्यांची सोय होते.

रंगांचंही बघा. तांबडी रेघ हिरव्या पट्ट्यावर अनेकांना वेगळी दिसत नाही. पट्टा निळसर करा किंवा रेघेला टोकाशी त्रिकोण द्या. हायकॉन्ट्रास्ट चालू असेल तर स्वतःचे रंग सोडून सिस्टिमकलर्स.

लिपीकार (१०:२०)

सांजदिवाताई, हे पहिल्या दिवसापासून घालावं असं आहे. नंतर घालायला गेलं की कळांसाठी सगळी रचना हलवावी लागते.

खाजनवाट (गुरुवार, रात्री ९:४०)

सगळ्यांचे मनापासून आभार. कंट्रोल नव्याने लिहिलं. चार ध्वज आणि मिनिटाचा टायमर लावल्यावर लुकलुक गेली. परमॉनिटरव्ही२ आणि पिक्सेलातले फॉन्ट यांनी दोन्ही मॉनिटरवर चित्र स्वच्छ. निर्मला यूआयने 'चतुर्थी'चा रफार परत आला. कोसाइनने माथे तक्त्याला टेकले. फुलीचं कारण फर्मागुडी_लॅब यांनी सांगितलेलं पहिलंच निघालं, एक वेळ दोनदा भरलेली होती. पट्टा निळा केला. बाणांच्या कळांचं काम चालू आहे.

आता छपाई. एफोर कागदावर आडवा आलेख छापून मानशीजवळच्या खोपीत लावायचा आहे. छापल्यावर जाळीच्या रेघा दिसतच नाहीत आणि लेबलं वेडीवाकडी येतात.

पिक्सेलपारखी (१०:१०)

प्रिंटपेजमध्ये मिळणाऱ्या ग्राफिक्सचं एकक इंचाचा शंभरावा भाग असतं. एफोर आडवा म्हणजे ११६९ × ८२७ एककं. तिथे पेनची जाडी ० दिली असेल तर छपाईयंत्राचा एक ठिपका मिळतो, ६०० डीपीआयला ०.०४ मिलिमीटर, तो दिसणार नाही. जाळीला १ एकक (०.२५ मिमी), वक्ररेषेला २, उंबऱ्याला २ आणि तुटक. डिव्हाइसडीपीआयची पट इथे लावायची नाही, तो पडद्याचा हिशेब. म्हणून रेखाटणीचं फंक्शन कंट्रोलपासून सुटं करा: त्याला ग्राफिक्स, आयत आणि मापाची पट द्यायची. ऑनपेंटही तेच बोलावेल आणि प्रिंटपेजही.

लेबलं बिघडतात कारण टेक्स्टरेंडरर छपाईसाठी नाही. तिथे ड्रॉस्ट्रिंगच, फॉन्ट पॉइंटात.

सांजदिवा (१०:१८)

काळ्या-पांढऱ्या छपाईत निळा पट्टा आणि जाळी दोन्ही करडी होतील. पट्ट्यात रंग भरण्याऐवजी तिरक्या रेघा मारा, आठ एकक अंतराने, म्हणजे सुमारे २ मिमी. आधी सेटक्लिपने पट्ट्याचा आयत बांधा, नंतर रीसेटक्लिप.

बार्देसकर (१०:३५)

मूळ प्रश्नाकडे येतो. इतकं झाल्यावर लायब्ररीचा आग्रह मी सोडतो, पण याच प्रोग्रामपुरता. इथे आलेख एकच, आकार ठरलेला, आणि देवनागरी लेबलं, उंबरा, बाणांच्या कळा, छपाई हे सगळं खास. लायब्ररीत ते बसवायला तेवढीच खटपट लागली असती. उद्या झूम, चार मानशींचे आलेख एकावर एक आणि मोजलेल्या पातळीचे हजारो बिंदू लागले तर मात्र पुन्हा लायब्ररीकडे बघा. रेखाटणी सुटी केलेली असेल तर गणिताचा भाग जसाच्या तसा तिकडे नेता येईल.

चोडणचो_बांध (१०:५०)

खोपीतल्या कागदावर तारीख मोठी छापा, आणि आठवडा कधी संपतो तेही. पावसाळी दमट हवेत इंकजेटची शाई पसरते, लेझरवर छापून प्लास्टिकच्या पाकिटात घाला.

खाजनवाट (११:०५)

तारीख वर २४ पॉइंटात घेतली, खाली 'या दिवसानंतर वापरू नये' आणि 'पावसाचं पाणी धरलेलं नाही'. रेखाटणीचं फंक्शन सुटं करतोय. ते झालं की कोड इथेच टाकतो.